गाळलेलं पाणी

बेळगावची अर्चना उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधनासाठी गोव्यात डिचोलीला आली होती. जवळच्या सर्वण गावात सुमंगलाबाईंकडे राहून ती आसपासच्या विहिरींचं पाणी तपासायची.

त्या दिवशी तिने बाईंच्याच विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत गाळलं. जवळच्या लोहखनिजाच्या खाणीची तांबडी माती निघेल, असं तिला वाटलं होतं. पण गाळणकागदावर दुधाच्या सायीसारखा फिकट पापुद्रा उरला. त्याला बारीक रंध्रं होती आणि वर लव होती.

सकाळी तिने बाईंकडे पेज प्यायली होती. ती याच पाण्यात शिजली होती.

"सर, ही कातडी आहे."

तिचे मार्गदर्शक गोकुळदास सर जवळ आलेच नाहीत. "शेवाळ असेल गो. टाकून दे."

तिने बाईंना फोन केला. "मावशी, विहिरीचं पाणी पिऊ नका."

"अगो, आमी जल्मापासून हेंच पितांव. गोड लागतां."

अर्चनाने चिमट्याने पापुद्रा उचलला. तो तिच्या बोटाला ओझरता लागला. कोमट होता. शिसारी येऊन तिने तो काचेच्या बशीत टाकला, तीन वेळा साबणाने हात धुतले आणि घाम सुकवायला पंखा लावला.

वारा लागताच बशीतल्या पापुद्र्यावर सरसरून काटा आला.