न वाचता कसं टिक करू?

मंडणगडजवळच्या एका शाळेत दीपालीबाई मागे पडलेल्या मुलांकडून संगणकावर चाचणीचा सराव करून घेत होत्या. सहावीतली संस्कृती प्रत्येक प्रश्नाला तिसराच पर्याय दाबत सुटली होती. “अगो, प्रश्न वाच तरी,” बाई थकून म्हणाल्या. “वाचायला नाय जमत, बाई. पण तिसरा दाबला की थोडे बरोबर येतात.” बाईंनी सराव बंद करून कोरं पान उघडलं. “आज घरी काय झालं, ते लिही.” अक्षरं शोधत, विचारत विचारत तासाभरात एक ओळ उमटली: ‘आमची म्हस व्याली.’ संस्कृतीनं ती पुन्हापुन्हा मोठ्यानं वाचली. तेव्हापासून रोज शाळा सुटल्यावर दोघी संगणकापुढे बसू लागल्या. बाईंचं घरचं सगळंच उशिरा होऊ लागलं. चाचणी कागदावर झाली, निकाल आला, आणि संस्कृतीचे गुण आधीपेक्षाही कमी निघाले. मुख्याध्यापकांनी दोघींना बोलावलं. पहिलं पान सोडवलेलं होतं, पुढचा सगळा पेपर कोरा. “वाचता वाचता वेळ संपला, सर,” संस्कृती म्हणाली. “मग उरलेले नुसते टिक करायचे तरी!” “न वाचता?” तिनं विचारलं. बाईंनी पेपर ओढून घेतला. पहिल्या पानावरचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. “बाई, आपल्या शाळेचा निकाल घसरलाय. वर काय कळवू मी?” मुख्याध्यापक वैतागले. “मुलगी वाचायला लागली, म्हणून गुण कमी झाले,” बाई म्हणाल्या, “असं कळवा.”