दोन मिलिमीटर

"मधोमध काळा डाग का पडतोय?" नवऱ्याने ॲल्युमिनियमचा टॉर्च भिंतीवर रोखून विचारलं. दोन महिने लेथवर खपून त्याने तो घडवला होता. आराखडा त्याच्या हौशी कारागिरांच्या मंडळातल्या शर्वरीचा होता. उद्या तो प्रदर्शनात मांडायचा होता; नळीवर त्याचं आणि तिचं नाव शेजारी शेजारी कोरलेलं होतं.

"तिलाच विचार की," मी म्हणाले.

"विचारलं. तिलाही कळेना. फिजिक्सची एमएस्सी तूच ना, बाईसाहेब?"

दोन महिन्यांनी त्याला हे आठवलं होतं. मी टॉर्च उघडून पाहिला. दिवा धातूच्या आरशाच्या वाटीत थोडा जास्तच आत गेला होता. दोन्हींच्या मध्ये एक पातळ चकती घालून तो जरा बाहेर आणला की काम झालं असतं.

"दिवा आणखी आत हवा," मी शांतपणे म्हणाले. "आरशाचं बूड दोन मिलिमीटर काप."

त्याने लगेच लेथ सुरू केला. तीन आठवडे घासून चमकवलेल्या आरशाचा कीस जमिनीवर पडला.

भिंतीवरचा डाग बशीएवढा झाला. दुसरा आरसा उद्यापर्यंत होणं शक्य नव्हतं.

"माझ्याच हातून जास्त कापलं गेलं," तो म्हणाला. "तुझं गणित कधी चुकत नाही."