पोकलेनचा पिवळा दिवा

पिवळा दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. पोकलेनचं इंजिन चालू होतं, पण जोर धरत नव्हतं; बकेट मातीत रुतली की वर यायचं नावच घेत नव्हती. लिंबागणेशच्या शिवारातलं पाझर तलावाचं काम तिसऱ्यांदा अडलं.

मालक अमरसिंह जीपमधून उतरले तेच तापलेले. ऑपरेटर म्हाळूला त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं, की इंजिनिअर येऊ दे, यात तुझा हात निघाला तर आजपासून घरी बसायचं. म्हाळूच्या बायकोचे दिवस भरत आले होते. तो मशीनच्या सावलीला बसला आणि सवयीनं तळहातावर तंबाखू-चुना मळू लागला.

दुपारच्या एस.टी.नं औरंगाबादच्या वर्कशॉपमधून संगमेश आला. इंजिनात कॉम्प्युटर असतो हीच तेव्हा तालुक्यात नवलाची गोष्ट होती, त्यामुळे या तरुण इंजिनिअरभोवती लगेच घोळका जमला. खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा स्वारी खूश झाली होती, आणि त्याचं कारण मशीन नव्हतं.

रस्त्यापलीकडे शिवलिंगप्पांचं किराणा दुकान होतं, मागं घर. पहिल्या खेपेला संगमेश इंजिनावर वाकला तेव्हा त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग शर्टाबाहेर लोंबलं. ते पाहून शिवलिंगप्पा त्याला जेवायलाच घेऊन गेले. आपल्या लिंगायत माणसानं हॉटेलात का म्हणून खावं, असं त्यांचं म्हणणं. गाव कोणतं, भाऊ किती, सगळं विचारून झालं, आणि तेवढ्या वेळात त्यांच्या लेकीनं, रुद्राणीनं, त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली. तेव्हापासून संगमेशला औरंगाबादची भाकरी गोड लागेना. पण शिवलिंगप्पांच्या चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ. गूळ घ्यायचा तरी तीन खेपा ढेप पारखणारा माणूस तो.

संगमेशनं किल्ली फिरवून दिव्याकडे पाहिलं. तीन लांब उघडझापा, दोन छोट्या. म्हणजे बिघाड इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा. इंजिन तापलेलं नाही, त्यानं समजावलं, पण किती तापलंय हेच कॉम्प्युटरला कळत नाही, म्हणून तो भिऊन जोर कमी करतो.

बॉनेट उघडलं. सेन्सरचा प्लग सुटून लोंबत होता. पहिल्या खेपेला उंदरानं वायर कुरतडली होती. दुसऱ्या खेपेला आणि आज मात्र वायर धड होती, प्लग तेवढा निघालेला. चाप घट्ट दाबल्याशिवाय तो निघत नसे. त्याच्या खाचेत बारीक पांढरी पूड होती. संगमेशनं ती फुंकून टाकली.

"चुना," अमरसिंह म्हणाले.

सगळ्यांनी म्हाळूच्या तळहाताकडे पाहिलं.

"गणपतीची आण, मालक, म्या हात लावला न्हाई," म्हाळू म्हणाला. "मशीन बंद तर माझा रोज बंद. कावून काढीन?"

मशीन रात्री दुकानासमोर उभी असे आणि म्हाळू केबिनमध्ये घोरत पडे. म्हणून अमरसिंहांनी शिवलिंगप्पांना हाक मारली. ते अंगठ्याला बांधलेली चिंधी सावरत आले. रात्रभर ओट्यावरच होतो, परकं कुणी आलं न्हाई, एवढं त्यांनी सांगितलं. झालं, म्हाळूचं उरलंसुरलं अवसानही गेलं.

संगमेशची नजर दुकानाच्या दाराकडे गेली. रुद्राणी ओढणीचं टोक दातात धरून उभी होती, चेहरा उतरलेला. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिनंच काढला प्लग, आपण पुन्हा यावं म्हणून. त्याला आनंद झाला आणि त्याच क्षणी घामही फुटला. गप्प बसावं तर म्हाळू जातो, बोलावं तर ती अडकते.

शिवलिंगप्पा घसा खाकरून पुढे झाले. पण संगमेश आधी बोलला.

"चूक माझी आहे. मागच्या खेपेला प्लग मीच नीट बसवला नव्हता, हादऱ्यानं निघाला. ती पूड म्हणजे धूळ असेल. वर्कशॉपला माझं नाव कळवा."

इंजिनिअर चूक कबूल करतो हे अमरसिंहांना नवीन होतं. ते त्याच्याकडे बघून हसलेच. चल बे, बस सीटवर, असं त्यांनी म्हाळूला फर्मावलं. प्लग बसला, दिवा विझला, मातीनं भरलेली बकेट उचलली गेली. म्हाळूनं डोळे पुसले आणि उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.

जेवताना शिवलिंगप्पा देवापुढे बसले आहेत असं पाहून संगमेश हळूच म्हणाला, "पुन्हा असं करू नका. बिचाऱ्याचं काम गेलं असतं."

रुद्राणीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "मी? मला तर वाटलं, तुमीच करताय."

तेवढ्यात शिवलिंगप्पा बाहेर आले. येत्या सोमवारी वडलांना घेऊन या, म्हणाले, आणि विभूतीची तीन बोटं त्यांनी संगमेशच्या कपाळावर ओढली. बारीक पांढरी पूड त्याच्या बाहीवर सांडली.

"आता दिवा लागायची वाट बघू नका, जावईबापू," अंगठ्याची चिंधी सोडत ते म्हणाले. "लई घट्ट हाय तो चाप. नख गेलं माझं."