आन्सोचे केस

आम्हा फ्रँक लोकांत केस कापलेला राजपुत्र गादीवर बसू शकत नाही. म्हणून लढाई जिंकताच रादबर्ट राजाने धाकट्या भावाला, आन्सोला, बांधून माझ्यापुढे बसवलं. मी राजाचा न्हावी.

"मर्द असशील तर मान काप की! केसांच्या मागे काय लागलास?" आन्सो गुरगुरला.

"मठात सड तू!" आजारातून उठल्यापासून कधीच न उतरवलेली कानटोपी सावरत राजा खेकसला. "आणि न्हाव्या, मुळापासून काप. एक केस जरी वाया गेला तर बघ."

कमरेपर्यंतचे ते सोनेरी केस पिशवीत भरून मी राजाच्या खोलीत नेले.



दार लावून, कानटोपी काढून राजाने आपलं तुळतुळीत डोकं माझ्यापुढे धरलं. "रविवारी दरबार आहे. तोवर याचा टोप करून दे."