मीठ-साखरेचं पाणी

हगवणीनं मलूल झालेल्या धाकटीला विजयमाला मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत होती. उंब्रजच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "बंगालमध्ये निर्वासितांच्या छावणीत पटकी झालेली हजारो माणसं याच पाण्यानं वाचली. पाणी तोडू नका." सासू उंबऱ्यात बसून धुसफुसत होती, "कालेजात ह्येच शिकवत्यात व्हय? हगवणीत पाणी कोण पाजतं?" दुपारी पोर रडली, तेव्हा तिच्या सुकलेल्या डोळ्यांतून आसवं आली. मग तिनं भाकरी मागितली. गेल्या भादव्यात थोरल्या नाथाजीला अशीच हगवण लागली होती. पाणी मागतच तो गेला. मायेपोटीच आजीनं तांब्या माळ्यावर ठेवला होता, विजयमालेनंही तो उतरवला नव्हता. सासूनं हळूच विचारलं, "माझ्या नाथालाबी ह्ये पाणी चाललं असतं का गं?" चमचा हातातच थबकला. "नाही आत्याबाई," विजयमाला म्हणाली, "त्याचा आजार निराळा होता."