दहाची भेट

टोर्किलने बेकरीच्या काचेवर तिसऱ्यांदा टकटक केली. रविवारी आठला उघडणार असं दारावरच्या पाटीवर स्वच्छ लिहिलं होतं. त्याच्या घड्याळात आठ वाजून सात मिनिटं झाली होती आणि आतली मुलगी निवांतपणे ट्रे पुसत होती. त्याने मनगट काचेला लावून दाखवलं. तिने मान हलवली, मागच्या भिंतीकडे बोट केलं आणि पुन्हा ट्रेला लागली.

त्याच्या मुलीला, सिग्नेला, इथले वेलचीचे बन लहानपणापासून आवडायचे. ते न घेताच तो वळला. वळता वळता "आळशी कार्टी" असं जरा मोठ्यानेच म्हणाला, आणि काचेपलीकडे तिचा चेहरा उतरलेला पाहून ओशाळला. आज तरी जीभ आवरायची, असं त्याने घरून निघतानाच स्वतःला बजावलं होतं.

फोबोरच्या बंदरात, फेरीबोटीच्या तिकीटखिडकीमागे एकतीस वर्षं काढून तो या उन्हाळ्यात निवृत्त झाला होता. एवढ्या वर्षांत माणसांनी त्याचा पुरता अंत पाहिला होता. खिडकीशी पोचल्यावर पाकीट शोधायला लागणारे. बोटीचा भोंगा वाजल्यावर ती कुठे जाते म्हणून विचारणारे. आणि शेजारच्या खुर्चीतला फ्लेमिंग, जो रोज दहा मिनिटं उशिरा उगवायचा आणि रांग ताटकळत असताना सगळ्यांना कॉफी हवी का विचारत फिरायचा. टोर्किल स्वतः एक दिवसही उशिरा गेला नव्हता. त्याचं घड्याळ चावीचं होतं, बायकोने दिलेलं. मोबाईल घरी ड्रॉवरमध्ये पडून असायचा. खिशातून वेळ काढून बघणाऱ्यांची त्याला कीव यायची.

बस मात्र ठरल्याप्रमाणे नऊ वाजून वीस मिनिटांनी आली. रविवारी ती तासाला एकच असायची आणि कधी चुकायची नाही. जगात एक तरी माणूस कामाचा आहे, असं त्याने ड्रायव्हरला बोलून दाखवलं. ड्रायव्हर खूश झाला.

खिडकीशी बसून त्याने सिग्नेचं कार्ड पुन्हा वाचलं. ‘रविवारी दहाला, बंदरावरच्या कॅफेत. वेळेवर येईन.’ शेवटच्या दोन शब्दांखाली तिने रेघ मारली होती.

ती रेघ त्याला बोचायची. फेब्रुवारीत त्याची बायको बिर्थे गेली, तेव्हा आईच्या अंत्यविधीला सिग्ने चाळीस मिनिटं उशिरा पोचली होती. वादळामुळे पूल बंद होता, हे त्याला नंतर कळलं. तोवर तो भर चर्चमध्ये, सगळ्या गावासमोर बोलून बसला होता, "आईसाठीसुद्धा तुला वेळ नव्हता." ती तिथूनच निघून गेली. आठ महिने फोन नाही. ते आठवलं की अजून त्याची कानशिलं तापायची. आज तो फक्त ‘माझं चुकलं’ एवढंच म्हणायला चालला होता. आरशासमोर त्याने तेही म्हणून पाहिलं होतं.

कॅफेत पोचला तर खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या. दहाला पाच कमी आणि ही तऱ्हा. वेट्रेसने हसून एक खुर्ची खाली काढली, आत्ताच उघडतोय म्हणाली. तो काही बोलला नाही. त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

दहा वाजले. सव्वादहा झाले. एक बाई समोरची खुर्ची मोकळी आहे का विचारून उत्तराआधीच ओढून घेऊन गेली. शेजारच्या टेबलावरचा माणूस चमचा कपात ढवळतच होता, साखर केव्हाच विरघळली असणार. साडेदहाला टोर्किलची दुसरी कॉफी संपली आणि जुना राग चढू लागला. त्या रागाखाली लाज होती. नवा शर्ट घालून, दाढी करून, तो पुन्हा एकदा सगळ्यांदेखत वाट बघत बसला होता.

दहा चाळीसला त्याने कागदी रुमाल ओढला आणि लिहिलं, ‘आजही तुला वेळ नाही. पुन्हा बोलावू नकोस.’

"लाल केसांची मुलगी येईल, सिग्ने नावाची," तो वेट्रेसला म्हणाला. "आली की लगेच हातात द्या."

"किती वाजता यायच्या होत्या?"

"दहाला."

तिने त्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं. "पण अजून..."

"तिची बाजू घेऊ नका," म्हणून तो बाहेर पडला.

समोरच तिकीटखिडकी होती. भिंतीवरच्या जुन्या घड्याळापाशी शिडी लावून फ्लेमिंग वर चढला होता. टोर्किलला राहवलं नाही.

"रविवारीसुद्धा अकराला उगवतोस का रे?"

"कसले अकरा?" फ्लेमिंग काटा मागे ढकलत हसला. "आतली सगळी घड्याळं रात्री आपोआप तासभर मागे गेली. हिवाळ्याची वेळ लागली ना आजपासून. हे म्हातारं तेवढं हातानेच फिरवावं लागतं. तुला काय सांगायचं म्हणा, तू तर वेळेचा माणूस."

घरातली घड्याळं दर ऑक्टोबरात बिर्थे फिरवायची. त्याच्या मनगटावरचंसुद्धा, तो झोपेत असताना.

टोर्किल धावत सुटला. कॅफेच्या काचेशी पोचला तेव्हा सिग्ने कोटसुद्धा न काढता उभी होती. तिच्या एका हातात बेकरीची पिशवी होती, दुसऱ्या हातात रुमाल. आतल्या भिंतीवरच्या घड्याळात दहाला दहा मिनिटं कमी होती.