अध्यक्षांचं बिस्कीट

मी सरपंच, म्हणून गावच्या बाल संरक्षण समितीचा अध्यक्षही मीच. "आपल्या गावात एकही मूल निराधार नाही," असं मी बैठकीत ठासून सांगितलं, तेव्हा पंचायतीच्या ओट्यावर बसलेल्या त्या मुलीनेही टाळ्या वाजवल्या. आठवडाभर ती रोज यायची. ग्रामसेवकांची कोणीतरी असेल, असं धरून मी तिच्यासाठी टोकावड्याहून बिस्किटं आणायचो. मुलांच्या बाबतीत मी फार हळवा.

बैठक संपल्यावर ग्रामसेवक म्हणाले, "सरपंच, तुमची भाची वाट बघतेय."

मी बाहेर जाऊन तिला विचारलं, "कोणाची गो तू?"

"कोणाचीच नाय. आई वारली. ते तुमाला सांगायला शेजारची धोंडीबाई रोज धाडते."

"मग सांगितलं का नाय?"

"तोंड उघडलं का तुमी बिस्कीट द्यायचे."